बोलका व्हॉल्व

बायको सिंधुबाई वारली आणि धारूरच्या सुग्रीव कुंभाराची गिटार खुंटीला लागली. दिवसा माणूस आव्यापाशी असायचा, माठ भाजायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा. तिन्हीसांज झाली की बाजेवर पडून पत्र्याकडे बघत राहायचा. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या लेकीला, राजश्रीला, हे बघवेना. तिने तिकडे एका कॉलेजच्या पोराकडून गिटारीचा जुना अँप्लिफायर घेतला, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्वचा, आणि रजा काढून एसटीने घरी आणला.

"आप्पा, आता वाजवा. सबबी नकोत."

विठ्ठलरावाच्या ऑर्केस्ट्रात सुग्रीव तरुणपणापासून गिटार वाजवायचा. तालीम विठ्ठलरावाच्याच पेंडीच्या गोदामात चालायची. लेकीने अँप्लिफायरसकट ओढूनच नेले, म्हणून तो गेला. पेंडीच्या पोत्यांमध्ये बसून त्याने पहिला सूर छेडला. सूर आला, पण त्याच्या मागोमाग झिंऽऽ असा आवाज आला, परातीवर चमचा पडावा तसा. वर खरखर वेगळी.

"सुग्रीव, गिटार वाजवतो का भांडे घासतो बे?" विठ्ठलराव म्हणाला. सगळे हसले. सुग्रीवही हसला, पण कान तापले.

मग विठ्ठलराव जवळ येऊन हळू आवाजात बोलला. "हे बघ, शनिवारी अंबाजोगाईला कार्यक्रम हाय. पयलं गाणं तुझ्या एकट्याच्या गिटारीवर उघडतंय. सूर साफ पायजे. शुक्रवारच्या तालमीपर्यंत जमलं तर लई चांगलं. न्हाई तर हरिओम कीबोर्डवर उघडंल. तू मग पुढच्या साली बघ."

पुढचे साल कुणी बघितले? गिटार आता परत खुंटीला गेली तर आपण ती पुन्हा काढणार नाही, हे सुग्रीवला पक्के ठाऊक होते. राजश्रीलाही होते. म्हणून तर ती रजा वाढवून थांबली.

तिने पुण्याच्या पोराला फोन लावून आप्पांच्या हातात दिला. "काका," पोरगा म्हणाला, "मी साफ कधी वाजवलाच नाही. आवाज फुल करायचो आणि सूर फाडूनच वाजवायचो."

फाटक्या आवाजात खोट लपली होती. साफ वाजवायला गेले की ती उघडी पडत होती. बापलेकीने वायर बदलून बघितली, गिटार बदलून बघितली, सगळी बटणे फिरवली. झिंऽऽ जागेवरच.

शेवटी सुग्रीवने घाटनांदूरच्या हनुमानला फोन केला. हनुमानने उभी हयात जुने रेडिओ दुरुस्त करण्यात घालवलेली. तो नेमका बाजारात होता, मागे भाजीवाल्यांचा कालवा.

"चालू ठेव, आवाज वाढव," हनुमान ओरडून सांगत होता. "अन् लाकडी पेन्सिलीनं बारक्या व्हॉल्वला एकेक टिचकी मार. कोणता बोलतो ते सांग."

बारके व्हॉल्व तीन होते, तिन्ही एकाच नंबरचे. सुग्रीवने पहिल्याला टिचकी मारली. स्पीकरमधून खण्ण् आले. दुसऱ्याला मारली, ठप. तिसऱ्याला, ठप.

"एक बोलतो. दोन मुके हायेत."

"मग बदल की! कावून विचारतो?" म्हणत हनुमानने फोन ठेवला.

सुग्रीवने दोन्ही मुके बदलायचे ठरवले. कुंभाराच्या घरात दुसरे काय ठरणार? टिचकीला खणखणणारा बोलका माठ म्हणजे चांगला भाजलेला, मुका माठ म्हणजे कच्चा. राजश्रीचे लहानपणही तेच ऐकण्यात गेलेले, तिलाही शंका आली नाही. तिने पुण्याहून दोन नवे व्हॉल्व कुरिअरने मागवले. ते शुक्रवारी दुपारी आले. अँप्लिफायर बंद करून, वायर काढून, काच गार झाल्यावर सुग्रीवने ते बसवले आणि सूर छेडला.

झिंऽऽ.

त्याने गिटार मांडीवरून खाली ठेवली. "जाऊ दे, बाळा. हरिओम वाजवील."

"आप्पा, आणखी एकदा टिचकी मारून बघा ना."

"काय बघायचं आता?"

"माझ्यासाठी बघा."

लेकीच्या समाधानासाठी त्याने पेन्सिल उचलली. पहिला खण्ण्. नवा दुसरा ठप. नवा तिसरा ठप.

"घ्या, नवे पण कच्चेच धाडले," राजश्री वैतागली.

सुग्रीव मात्र पेन्सिल हातात तशीच धरून बसला. दोन जुने मुके, दोन नवे मुके. बोलणारा एकटाच. आव्यातून चार माठ एका आवाजाचे निघाले आणि पाचवा वेगळा निघाला, तर आपण चारांना नावे ठेवतो का? त्या एकालाच उचलून तडा शोधतो.

"राजे," तो म्हणाला, "ह्यो माठ न्हाई. ह्यानं बोलायचंच न्हाई. बोलायचं ते गिटारीनं. ह्याच्या आत काहीतरी ढिलं झालंय, गिटारीच्या सुरानं ते थरथरतंय, अन् तेच आपल्याला ऐकू येतंय!"

"म्हणजे हनुमानकाका बोलणारा बदला म्हणत होते?"

"अन् आपण मुक्यांना हाकललं!"

दोघे एकमेकांकडे बघून इतके हसले, की शेजारची भिवराबाई काय झाले म्हणून दारात आली. सिंधुबाई गेल्यापासून त्या घरात असे हसणे झाले नव्हते.

पुन्हा बंद केले, गार होऊ दिले. पहिल्या जागी जुन्या मुक्यांपैकी एक बसवला. व्हॉल्व तापू दिले. सुग्रीवने एकच तार छेडली. सूर निघाला, घरभर फिरला आणि आपला आपण विरून गेला. मागे काही नाही. नितळ.

तालमीला सुग्रीव सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. विठ्ठलराव आला, पोत्यावर टेकला.

"हं, वाजव."

सुग्रीवने गाण्याची सुरुवात वाजवली.

"अजून हळू."

त्याने इतके हळू वाजवले, की तबलेवाल्याने श्वास रोखला. एकेक सूर सुटा, स्वच्छ ऐकू आला.

"आता जोरात."

जोरातही तसाच. विठ्ठलराव पोत्यावरून उठला. मग हरिओमकडे वळला. "उद्या सुरुवातीला तू हाताची घडी घालून बस."

"लई बरं झालं," हरिओम म्हणाला. "मला तरी कुठं येत होतं ते."

"अन् भांडे घासणाऱ्याचं काय?" सुग्रीवने विचारले.

"शबूद माघारी घेतला, भाऊ. जाऊ दे आता."

सुग्रीवने गिटार पुन्हा मांडीवर ओढली. हे सिंधूने ऐकायला पाहिजे होते, असे त्याला वाटले आणि डोळे भरून आले. पण बोटे थांबली नाहीत. कुणी सांगितले नसताना त्याने सुरुवात आणखी एकदा वाजवली, आणि ह्या खेपेला थांबला नाही, सरळ गाण्यात शिरला. तबलेवाल्याला घाईघाईने ठेका धरून त्याला गाठावे लागले.