दिव्याची दोरी

वासराने दावं चावून तोडलं ते तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळा मी गाठ मारून भागवलं, पण आता गाठ मारायला दावंच उरलं नव्हतं. वासरू परसातल्या कोवळ्या भाजीत तोंड घालून उभं, माझे दोन्ही हात शेणाने भरलेले आणि आत चुलीवर दूध तापत ठेवलेलं. अशा वेळी बाईचं डोकं ठिकाणावर राहत नाही असं म्हणायची सोय असते. माझं मात्र चांगलं ठिकाणावर होतं. म्हणून तर आधी आत्याबाई कुठे आहेत ते पाहून घेतलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या शेजारच्या बाळंतिणीकडे गेल्या होत्या. मी हात धुतले, स्वयंपाकघरातल्या खुंटीवरची दोरी काढली, तिचा तीन हात तुकडा विळीवर कापला, उरलेल्या टोकाला लोखंडी आकडा पुन्हा आवळून बांधला आणि दोरी होती तशी गुंडाळून खुंटीला लावली. तुकडा वासराच्या गळ्यात गेला. पाच वर्षांची माझी लेक दारात उभी राहून बघत होती. घरभर गरगरत असते म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो.

"आई, ही दिव्याची दोरी ना?"

"गप. आजीला सांगायचं नाही."

"का?"

"ठेव बघू तोंडावर हात. दोन्ही ठेव."

तिने ठेवले. तेवढ्यात आत दूध उतू गेलं.

आता त्या दोरीचं एवढं काय, ते सांगते. आमच्या परसात जमिनीखाली धान्याचं पेव आहे. पेव म्हणजे धान्य साठवायचा खड्डा. विहिरीसारखा खोल, पण तोंड इतकं अरुंद की आमचा गिरणीवाला उतरला तर पोटाशी अडकून बसेल. वर सपाट दगड आणि दगडाभोवती मातीचं लिंपण. आत धान्य वर्षभर राहतं, त्याला उंदीर लागत नाही. पण बंद पेवात हवा बिघडते, आणि धान्याला ओल लागली तर विचारूच नका. ती हवा डोळ्यांना दिसत नाही. तळाशी बसून असते. माणूस उतरतो, पाटी भरायला वाकतो आणि पुन्हा उठत नाही.

माझे दोन चुलत सासरे असेच गेले. धाकटा आधी उतरला आणि पडला. थोरला त्याला काढायला धावला. लिंपण फुटून पाणी आत गेल्याचं थोरल्याला आठ दिवस आधीपासून ठाऊक होतं. ते बुजवायचं काम त्याचं होतं, राहून गेलं होतं, आणि सांगायची लाज वाटली. उतरताना तो हेच ओरडत उतरला म्हणतात. आत्याबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. एका घरातून दोन शवपेट्या निघालेल्या त्यांनी पाहिल्या.

त्यानंतर माझ्या सासऱ्यांनी ही दोरी केली. एका टोकाला कंदील अडकवायचा आकडा, दुसऱ्या टोकाला मोठी गाठ. पेवाच्या तोंडाशी गाठ मुठीत आली की खाली कंदील तळाला टेकला असं समजायचं. शंभर अंक मोजेपर्यंत दिवा जळत राहिला तरच माणसाने उतरायचं. त्या दोरीला कुणी कपडेसुद्धा वाळत घालायचे नाहीत.

आणि आत्याबाईंनी दुसरा नियम केला. रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना, आणि प्रार्थनेत प्रत्येकाने दिवसातली आपली एक चूक प्रभूपुढे सांगायची. सांगितलेल्या चुकीबद्दल कुणी कुणाला बोलायचं नाही. आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, गेली कित्येक वर्षं "आज मी आळस केला" एवढंच सांगतात, आणि ते खरंही असतं.

मी मात्र लग्न होऊन आले त्याच महिन्यात शहाणी झाले. कंदिलाची काच फोडली म्हणून खरं सांगितलं. आत्याबाई घरात एक शब्द बोलल्या नाहीत. पण पुढे आठ दिवस जो दारात येईल त्याला, "आमच्या सूनबाईंना काच म्हणजे बोरं वाटतात, पडली तर पडली," हे ऐकवायच्या. तेव्हापासून मी प्रार्थनेसाठी छोट्या छोट्या, कुणाला न टोचणाऱ्या चुका राखून ठेवते.

त्या संध्याकाळी मी सांगितलं, दूध उतू घालवलं. दुसऱ्या संध्याकाळी सांगितलं, कोंबडीला वाईट बोलले. तिसऱ्या संध्याकाळी काही सुचेना, तर म्हटलं, रात्री घोरले. भाऊजी फिसकन हसले. भिंगरीची पाळी आली की ती तोंडावर दोन्ही हात ठेवायची आणि मान हलवायची. आत्याबाई म्हणायच्या, "अगं, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो, आणि देवापुढेच कशी गप्प?" पाळकबुवा देवळात प्रभूच्या त्या शिष्याची गोष्ट सांगतात ना, प्रभूला पकडून नेलं तेव्हा भीतीने तीन वेळा मी याला ओळखत नाही म्हणाला तो. मी दरवेळी मनात म्हणायची, काय हा माणूस! आता माझ्याही तीन संध्याकाळी झाल्या होत्या.

पेव उघडायला अजून पंधरा दिवस होते. तोवर बाजारातून तशीच दोरी आणायची, सासऱ्यांसारखीच गाठ मारायची, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पण पाऊस काही मला विचारून येत नाही. हंगाम नसताना तो तिसऱ्या रात्री कोसळला आणि सकाळपर्यंत कोसळतच राहिला. उजाडलं तेव्हा परसातली काळी माती फुगून आली होती, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जायचा. पाऊस थांबला, मी भिंगरीला घेऊन ओढ्यावर धुणं धुवायला गेले.

परत आले तर पेवावरचा दगड बाजूला सारलेला. पावसाचं पाणी आत उतरलं असेल या भीतीने ह्यांनी पेव उघडलं होतं. तळाशी उरलेलं धान्य भिजायच्या आत वर काढायचं होतं. हे शिडीवर, छातीपर्यंत आत. भाऊजी पाट्या घेऊन शेजारी. आणि आत्याबाई पेवाच्या तोंडाशी बसलेल्या, मुठीत दोरीची गाठ.

"अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. जळतोय लख्ख. उतर."

माझ्या हातातलं धुणं चिखलात पडलं. ओरडायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं की दिवा जळतोय म्हणजे हवा चांगलीच असेल. तीन हात म्हणजे असं कितीसं. हे पाटी भरून वर येतील, दोरी खुंटीला जाईल आणि कुणाला काही कळणार नाही. ह्यांचे खांदे आत गेले. मग डोकं आत गेलं. आतून घुमल्यासारखा आवाज आला, "आलोच तळाशी. जरा वाकून चाचपतो, ओल आहे का."

मी खाली पाहिलं. भिंगरी माझ्याकडे बघत होती. तिने दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात काढत नव्हती. मी शिकवलं होतं ना.

"अहो, वाकू नका!" मी किंचाळले. "दोरी तोकडी आहे! तीन हात तोकडी आहे! मी कापली, वासरासाठी मी कापली!"

गोठ्यात वासरू हंबरलं. आत्याबाईंनी मुठीतल्या गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडावरचा रंग असा उतरला की मला वाटलं ह्या आधी जातात. पण त्या पेवाच्या तोंडाशी वाकून म्हणाल्या, "पोरा, ऐकतोस का?"

आतून उत्तर नाही.

"पोरा!"

"काय झालं?" आवाज जड होता, झोपेतून उठवलेल्या माणसाचा असतो तसा.

"पाय आहेत तिथेच ठेव. शिडी सोडू नकोस. वाकू नकोस."

आणि साठी ओलांडलेली ती बाई त्या चिखलात पालथी पडली, खांद्यापर्यंत हात पेवात घातला आणि दोरी आणखी खाली सोडली. मी शेजारी गुडघे टेकून वाकून पाहिलं. कंदील हळूहळू ह्यांच्या गुडघ्यांजवळून खाली सरकला. ज्योत आधी पिवळी होती. मग लहान झाली, निळसर झाली, आणि विझली. कुणी फुंकर मारली नाही, वारा नव्हता, काही नव्हतं. नुसती विझली. ती जागा अशी होती की हे पाटी भरायला वाकले असते तर तोंड बरोबर तिथेच आलं असतं.

"वर ये," आत्याबाई म्हणाल्या. "सावकाश ये, श्वास धरून ये."

हे चढू लागले. अर्धी शिडी चढले आणि थांबले. "आई, पाय ऐकत नाहीत माझे."

भाऊजींनी पाट्या फेकल्या आणि शिडीला पाय लावला. आत्याबाईंनी पडल्या पडल्याच त्यांच्या पायाला मिठी मारली. "तू उतरायचं नाहीस! या खड्ड्याने एकदा दोन नेलेत. आडवा हो, वरून हात दे!"

ह्यांनी कुठून बळ आणलं प्रभू जाणे, आणखी दोन पायऱ्या चढले. भाऊजी आडवे झाले आणि दोन्ही मनगटं धरली. मी भाऊजींच्या कमरेला धरलं. आयुष्यात कधी दिराच्या अंगाला बोट लावलं नव्हतं, त्या दिवशी पोत्यासारखं ओढलं. चिखलात पाय ठरेना. एकदा हात सुटला तेव्हा मी प्रभूला काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही. मग ह्यांचं डोकं वर आलं, खांदे आले, आणि सगळेच एकमेकांवर पडलो. ह्यांचे ओठ निळे पडले होते. ओकारी झाली, मग खोकला, मग हे मोठमोठ्याने श्वास घेऊ लागले. तेवढा गोड आवाज मी आजवर ऐकला नाही.

आत्याबाई उठल्या. चेहऱ्यावर, केसांत, सगळीकडे चिखल. आता माझं काही खरं नाही, असं वाटून मी डोळे मिटले. पण त्या माझ्या बाजूने पुढे गेल्या आणि भिंगरीजवळ बसल्या. तिचे हात अजून तोंडावरच होते. त्यांनी एकेक करून ते काढले. गालांवर बोटांचे वळ उठले होते.

"बोल गं माझे बाई, आता बोल," त्या म्हणाल्या, आणि पोरीने जो टाहो फोडला तो अर्ध्या गावाने ऐकला.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. हे उशीला टेकून, डोकं धरून. परसात चूक सांगून झाली होती, पण परसात ओरडणं वेगळं आणि शांत खोलीत चौघांसमोर सांगणं वेगळं. माझी पाळी नेहमी पहिली. मी तोंड उघडलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "थांब. आज आधी मी."

त्यांनी पदर डोक्यावर घेतला. मग डोळे मिटून म्हणाल्या, "प्रभू, सुनेने एकदा काच फोडल्याचं खरं सांगितलं. मी ते आठ दिवस गावभर वाटलं. म्हणून दोरीचं सांगायला ती भ्याली. नवऱ्याचा जीव जाईल याच्यापेक्षा तिला माझी भीती जास्त वाटली. ती भीती मी घातली."

मला हुंदका आवरेना. ह्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, तर आत्याबाईंनी हात वर केला.

"अजून आहे. दिवा तळाला टेकला की दोरी ढिली पडते. चाळीस वर्षं धरतेय मी ती, माझ्या हाताला ठाऊक आहे. आज गाठ मुठीत आली तरी दोरी ताठ होती. मला कळलं होतं. पण वाटलं, आपलाच हात थकला असेल, म्हातारपणी भास होत असतील. तसं बोलून दाखवलं तर उद्यापासून दोरी दुसऱ्याच्या हातात जाईल. लाज वाटली मला. म्हणून शंभर मोजले आणि पोटच्या पोराला उतर म्हटलं."

बाहेर वळचणीचं पाणी ठिबकत होतं. भाऊजींनी हळूच सांगितलं, "आज मी..." आणि पुढे त्यांना काही सुचलं नाही, कारण त्या दिवशी त्यांनी आळस केला नव्हता.

मग मी माझं सांगितलं. तिन्ही संध्याकाळचं सांगितलं, भिंगरीच्या तोंडावर हात ठेवायला लावल्याचं सांगितलं, आणि ओरडण्याआधी मनात काय आलं होतं तेही सांगितलं. ते ऐकताना हे माझ्याकडे बघत होते. मी मान वर केली नाही. जेवताना मात्र ह्यांनी आपल्या ताटातला अर्धा घास माझ्या ताटात ठेवला.

सकाळी आत्याबाईंनी स्वतः वासराच्या गळ्यातला तुकडा सोडला. त्याला नवं दावं आणलं होतं भाऊजींनी, अगदी पहाटे उठून. तुकडा दोरीला जोडून आत्याबाईंनी भक्कम गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग दोरी माझ्या हातात दिली.

"ही आजपासून तू धरायची."

"मी?" मी दचकून मागे सरले. "आत्याबाई, कापली मीच ना. माझ्या हातात कशी देता?"

"म्हणूनच देते. तुझ्याइतकं हिला कोण जपणार?"

आता पेव उघडलं की तोंडाशी मी बसते. गाठ मुठीत आली, दोरी ढिली पडली, तरी मी शंभर मोजते आणि मग पुन्हा शंभर मोजते. हे वरून चिडवतात की धान्य म्हातारं होईल. आत्याबाई शेजारी बसलेल्या असतात. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून विचारतात, "कापतायत का गं हात?"

"हो."

"बरं. मोज."