पुंगळीतलं पाणी

हॅल्वर त्वेतच्या गॅरेजमध्ये मोटारीला जागा नव्हती. ती बिचारी मोंटानाच्या बर्फात उभी असे. आत तराजू राहत असे. काडतुसाची झाडलेली, रिकामी पुंगळी हॅल्वर आधी तोली, मग तिच्यात काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोली. वाढलेलं वजन म्हणजे पुंगळीच्या पोटातली जागा. ती सगळ्यांची सारखी असली, की घरी भरलेली काडतुसं एका जागी लागतात, अशी त्याची श्रद्धा होती. चर्चमध्ये मात्र तो झोपे.

यंदा हात कापू लागला होता. "आकडे जुळले नाहीत, तर रायफल पुतण्याला देऊन टाकीन," असं त्याने जाहीर केलं होतं. बायको, लोरीन, "बरं" म्हणाली होती. जरा लवकरच म्हणाली होती. तो एल्क हरणांमागे डोंगरात शिरला, की परत येईपर्यंत तिला अन्न गोड लागत नसे.

ती कॉफी घेऊन आली, तेव्हा तो ड्रॉपर ठेवून बसला होता.

"संपलं, लोरीन. एकीत कमी भरतंय, दुसरीत त्याहून कमी. एकाच रायफलीतून सुटलेल्या पुंगळ्या! रायफल खडकावर टेकवता येते गं, ड्रॉपर कशावर टेकवू?"

लोरीनने कॉफी खाली ठेवली. काल भांड्यांबरोबर तिने त्या पुंगळ्याही घासल्या होत्या. बाहेरून पुसल्या, आतून कोण पुसतं? बुडाच्या भोकात ठिणगी पाडणारी टोपी, फुटलेली, तशीच बसलेली, त्यामुळे पाणी निथळायलाही वाट नाही. त्याने रिकामी म्हणून तोललेली पुंगळी मुळात ओली होती.

गप्प बसली असती, तर म्हातारा कायमचा घरात राहिला असता. पण त्याने कापणारा हात दुसऱ्या हाताखाली लपवलेला तिला दिसला.

"काल मी त्या धुतल्या," ती म्हणाली. "लिंबाच्या साबणाने."

हॅल्वरने एक पुंगळी नाकाशी धरली. "तरीच! मला वाटलं, नाकही गेलं."

"ओव्हनमध्ये वाळवू?"

"मंद आचेवर. केक नाहीये तो."

वाळल्यावरही पहिला थेंब बाहेरच सांडला. लोरीनने ड्रॉपर काढून घेतला. "आण इकडे. तुझ्या डोळ्यांत औषध रोज कोण घालतं?"

"वर पाण्याचा फुगवटा आला बघ. कागदाने टीप."

तिने टिपला. आकडे जुळत गेले. दुसऱ्या स्टुलावरचे कॅटलॉग उचलून हॅल्वरने जमिनीवर ठेवले आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"ही सांडलीस तर?" त्याने पुढची पुंगळी दिली.

"तर नवरा बदलीन," म्हणत ती बसली.