देणाऱ्याची खोली

पुष्पांजलीने वडिलांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला तो तसाच राहिला. मागच्या महिन्यात तो एवढा खोल पडत नव्हता. भगवानराव खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि पायाकडे न बघता लेकीच्या तोंडाकडे बघत होते.

"किती पानी भरलं?"

"आहे थोडं. गोळी वाढवते."

"डाक्टर लोकायचं थोडं म्हंजे किती, ते मले आता समजते."

ती हसली आणि पायावर चादर ओढली. पोटाच्या आणि यकृताच्या आजारांचं तीन वर्षांचं शिक्षण संपत आलं होतं. या काळात तिने असे कितीतरी पाय दाबले होते. बापाचा पाय दाबताना मात्र शिकलेलं कामाला येत नाही, आणि विसरताही येत नाही. भगवानरावांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. साखरेच्या आजाराने त्यांचं यकृत आतल्या आत सुकवलं होतं. दुसरं मिळालं नाही तर फार तर वर्ष निघेल. एवढं घरात आपल्याला एकटीलाच ठाऊक आहे, असा तिचा समज होता.

मेलेल्या माणसाचं मिळायची यादी वर्षापेक्षा लांब होती, म्हणून दुसरं यकृत म्हणजे जिवंत माणसाने आपल्यातला काढून दिलेला तुकडा. तिचा आणि आईचा रक्तगट जुळेना, धाकट्या प्रेमचा जुळला. बापलेक तपासणीला पुण्याला, तिच्याच रुग्णालयात येऊन गेले. घरचं प्रकरण म्हणून तिला त्यापासून लांब ठेवलं होतं, आणि ते रास्तच होतं. ते गावी परतल्यावर आईचा फोन आला. प्रेमच्या यकृतात चरबी निघाली, त्याचं चालत नाही म्हणे.

पुष्पांजलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते कारण तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्यांच्या विभागात यकृत देणाऱ्याला एका लहान खोलीत एकट्याला बसवून विचारायची रीत होती. घरचे सगळे बाहेर. मनातून नको असेल तर माणूस तिथे मोकळेपणाने नाही म्हणतो. मग विभागाचे प्रमुख, सर, बाहेर येऊन घरच्यांना सांगतात, यकृतात चरबी आहे, देता येणार नाही. कुणाची अब्रू जात नाही, भावाभावांत वैर येत नाही. त्या खोलीत बसून विचारायला पुष्पांजली शिकली होती आणि तिला त्याचा अभिमान होता.

प्रेमला चरबी नव्हती. दिवाळीआधी तो पुण्याला आला होता, तेव्हा नव्या सोनोग्राफी मशीनवर हात बसवायला तिने त्यालाच टेबलावर आडवं केलं होतं. यकृत अगदी स्वच्छ होतं. म्हणजे भाऊ त्या खोलीत नाही म्हणाला होता. परक्याने तसं म्हटलं असतं तर तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला असता. भावाला माफ करणं तिला जमेना. दोन दिवसांची रजा काढून ती गावी, वडनेरला आली होती ती भांडायलाच.

सकाळी प्रेम घरात नव्हता.

"चालाले गेला," तिची आई शालूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "रोज जाते."

दिवसभर कपाशीत राबणारा माणूस आणखी वेगळा चालायला जातो, हे काही तिच्या डोक्यात शिरेना. ती हायवेच्या बाजूला निघाली. वळणावर तो समोरून आला, घामाने भिजलेला, पायात लग्नकार्याला घालायचे बूट.

"थांब. मले बोलाचं हाये तुह्याशी."

"मले बी." तो धापा टाकत होता. "घरी इचारता येत नाही. ही चरबी किती दिवसात उतरते वं ताई? तेल सोडलं, गोड सोडलं. टपरीवर पंजाबराव इचारते, शहराचं वारं लागलं का म्हनून. हासू दे. पन बाबापाशी तेवढा टाइम हाये का?"

तिचं भांडण तोंडातल्या तोंडात राहिलं.

"चरबी हाये असं तुले कोनं सांगतलं? सरांनी?"

"नाही, बाबानं. त्या खोलीत बसाची माझी पाळी दुसऱ्या दिवशी होती. त्याच्या आंधीच बाबा एकटे सायबाकडे गेले. भायेर आले अन् म्हने, चाल घरी, तुह्यात चरबी हाये."

तू ये मागून, एवढं म्हणून ती जवळच्या वाटेने घरी आली. भगवानराव ओसरीवर उन्हात बसले होते.

"बाबा, सरांना तुमी काय सांगतलं?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. शालूबाईंच्या भाकरी थापण्याचा आवाज चालू होता.

"मले पोराचं घ्याचं नाही म्हटलं. सायबानं दोनदा इचारलं. मंग म्हने, तुमची मर्जी."

"अन् चरबी?"

"ते तं तूच शिकोलं. फोनवर सांगत होती ना, कोनी नाही म्हटलं तं आमी असं कारन देतो म्हनून." त्यांना हसू आलं. "लेक एवढी शिकली तं बापाले बी थोडं येतेच."

"नाही घेतलं तं काय होते, माहीत हाये तुमाले?"

"माहीत हाये." हसू मावळलं. "मांगच्या पावसाळ्यात तुमच्या वार्डात देनारा पोरगा गेला. त्या दिवशी तू फोनवर बोललीच नाही, नुस्ती रडली. मी फोन कानाले लावून बसलो होतो. माह्यासाठी तेवढं लय झालं."

"तसं शेकड्यात एखाद्याचं बी होत नाही, बाबा."

"ज्याचं होते त्याचं सगळंच जाते."

तिला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली. ते रडणं तिने घरी आणायला नको होतं.

"त्याले सांगू नको," भगवानराव म्हणाले. "तुमच्यात त्या खोलीतलं भायेर नेत नाहीत ना?"

"ती रीत देनाऱ्यासाठी हाये. त्याच्या नावानं घेनाऱ्यानं कारन द्याचं नसते."

प्रेम अंगणात आला तशी तिने त्याला आतल्या खोलीत बोलावलं. दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या.

"तुझ्या यकृतात चरबी नाही. कधीच नव्हती. बाबांना तुझं घ्यायचं नाही, म्हणून ते तसं म्हणाले."

तो उसळेल, बाहेर जाऊन बापाशी भांडेल, अशी तिची अटकळ होती. प्रेम खुर्चीवर टेकला. एक बूट काढून झाला होता, दुसऱ्याच्या नाडीवर हात थांबला. देता येत नव्हतं तोवर तो देण्यासाठी धावत होता. आता देता येत होतं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पुष्पांजलीने पुण्याच्या त्या खोलीत कितीजणांच्या तोंडावर पाहिलं होतं, आणि त्यातल्या एकालाही तिने कधी भित्रा म्हटलं नव्हतं.

"आता तुला विचारते," ती म्हणाली. "इथे बाबा नाहीत, आई नाही. द्यायचं असेल तर बाबांना राजी करणं माझं काम. नसेल, तर चरबी होती आणि आहे. मी कुणाला कधी दुसरं सांगणार नाही."

"अशी पुन्यावानी काऊन बोलून राह्यली?"

"तिथे आम्ही असंच विचारतो."

"अन् लोकं खरं सांगतात?"

"बाहेर ऐकू जात नसेल तर सांगतात."

ओसरीवर भगवानराव खोकले. प्रेम एक पाय अनवाणी तसाच उठला. त्याने दार लोटलं आणि आतून कडी लावली.