खजिन्याच्या दाराशी

‘दार ढकला,’ लीनाने टाइप केलं.

पडद्यावर उत्तर उमटलं: ‘दार हलत नाही. दारालाही स्वाभिमान असतो.’

लीना हसली नाही. शेजारच्या खुर्चीत चारुदत्त साने घामाघूम झाले. कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या त्या ऑफिसात एसीमुळे बाकीची मंडळी स्वेटर घालून बसायची.

एकोणतीस वर्षं कोलकात्यात राहून पंपांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणणाऱ्या या गृहस्थांना कंपनीने एकदाच खेळ लिहायला दिला होता. चित्रं नाहीत, नुसती वाक्यं. खेळणाऱ्याने काय करायचं ते टाइप करायचं, खेळाने उत्तर द्यायचं. खजिन्याच्या साहसकथांची यथेच्छ टिंगल: नकाशावर चहाचे डाग, भुताला साप्ताहिक सुट्टी. पण पुण्याचे नऊ परीक्षक गुहेतल्या देवळाच्या दाराशी अडकून परत फिरले. दहावी लीना, त्या परीक्षकांची साहेब. चारपर्यंत तिलाही दार उघडलं नाही, तर खेळ रद्द आणि शनिवारपासून चारुदत्तांची नोकरीही.

लिहिणाऱ्याने शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही, असा नियम होता.

‘सुरुंग लावा.’

‘सुरुंग सादळला आहे. कोलकात्याची हवा.’

‘मंत्र म्हणा.’

‘दाराला संस्कृत येत नाही.’

“सर, हे उघडतं तरी का हो?”

चारुदत्तांनी ओठ घट्ट मिटले आणि छताकडे पाहिलं.

तीन छप्पन्नला लीनाने हात टेकले. “हरले. आता बोला. काय करायचं होतं?”

“जोडे काढायचे होते.”

“काय?”

“देऊळ आहे ना, मॅडम. पायात जोडे असताना आत कोण सोडेल? मला वाटलं, हे काही मराठी माणसाला सांगावं लागत नाही.”

“अहो, गेममध्ये पाय असतात हे तरी कुणाच्या लक्षात येतं? पाटी लावा दारावर. चार मिनिटं आहेत.”

“पाटी लावली तर गंमत काय राहिली?”

“तुम्ही राहाल.”

चारुदत्तांनी कीबोर्ड ओढला. क्षणभर थांबून त्यांनी पाटी लिहिली: ‘जोडे बाहेर काढावेत. हरवल्यास देव जबाबदार नाही.’

लीना खो खो हसली. तिने ‘जोडे काढा’ टाइप केलं. दार करकरत उघडलं. “पास! सर, ही पाटी म्हणजे अख्ख्या खेळातला बेस्ट जोक!” मंजुरीचा मेल पाठवून, वाजणारा फोन कानाला लावत ती उठून गेली.

दारापलीकडे खजिना होता. त्याच्या वर्णनाची अकरा पानं लिहायला चारुदत्तांना सात महिने लागले होते.

पडद्यावर प्रश्न लुकलुकत होता: ‘तुम्ही आत आलात. आता काय करता?’

त्यांनी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग चष्मा पुसून, दोन बोटांनी, स्वतःच टाइप केलं, ‘खजिना बघा.’