भिंतीवरचा बाण

साखऱ्याच्या शिवारातल्या पत्र्याच्या शेडात भर दुपारी अंधार केला होता. शंभर-दीडशे माणसं भिंतीकडं तोंड करून बसली होती. "मागं वळाल तर आत्मा माघारी फिरंल," असं बुवा बजावत होता. मेलेली माणसं तो भिंतीवर आणायचा, आणि ती बोलायचीसुद्धा.

साधना शाळेत कंप्युटर शिकवायची. ती आली होती शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीपायी, मनकर्णापायी. मनकर्णाचा एकुलता एक मुलगा हरीश वर्षापूर्वी औंढ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून वारला होता. चार दिवसांपूर्वी तो याच भिंतीवर आला आणि आईला म्हणाला, सुई बंद कर, महाराजांचा अंगारा घे. मनकर्णानं त्या दिवसापासून इन्सुलिन सोडलं. तिचं तोंड सुकलं, श्वास जड झाला. साधनानं पाया पडून विनवलं. "डाक्टर मोठा का माझं लेकरू?" एवढंच ती म्हणाली.

भजनाचा आवाज चढला आणि भिंतीवर हरीश उजळला. तोच भांग, तेच हसू. ओठ हलले. क्षणभर साधनालाही वाटलं, असू दे, खरंच असू दे. तेवढ्यात हरीशच्या गालावरून एक बारीक पांढरा बाण सरकत गेला.

तो बाण ती रोज पाहायची. शाळेतला मॉनिटर बिघडल्यापासून, घरी सिनेमा पाहायचा जुना प्रोजेक्टर कंप्युटरला जोडून ती भिंतीवरच शिकवत होती. हा माउसचा बाण होता.

ती वळली. पाठीमागच्या देव्हाऱ्याला भोक होतं, त्यातून झोत येत होता. वायर शेजारच्या खोलीत गेली होती. त्या खोलीच्या दारावर गावातलाच शेषराव उभा होता. त्याची आई भागूबाई महिन्यापूर्वी वारली. मेलेल्या नवऱ्यानं भिंतीवरून सांगितलं म्हणून तिनं हृदयाच्या गोळ्या सोडल्या होत्या. तरी शेषराव बुवाच्याच सेवेत होता. तो आडवा आला. साधना म्हणाली, "दादा, तुमीबी आत या. तुमच्या आईशी भिंतीवरनं कोण बोललं ते बघा." तो तिच्यामागं आत आला.

आत एक चेला लॅपटॉपपुढं बसला होता. शेषरावला पाहून तो उठला. साधनानं माउस धरला. बाहेर भिंतीवर हरीशचा चेहरा आकसून कोपऱ्यात गेला आणि मागं नावांची यादी दिसू लागली. 'पूजेसाठी' म्हणून मागून घेतलेले फोटो, मोबाइलमधले आवाज, त्यांवरून बनवलेल्या चित्रफिती.

यादीत भागूबाईही होती. शेषराव म्हणाला, "लावा."

भिंतीवर त्याची आई आली. "शेषू, माझ्या मरणात महाराजांचा दोष न्हाई."

हे बुवा शेषरावला पुढल्या बैठकीत ऐकवणार होता.

बुवा ओरडला, यंत्र नुसतं निमित्त, शक्ती आमची! साधनानं प्लग उपटला. "आता शक्तीनं दाखवा." भिंत कोरी झाली. बुवा मंत्र पुटपुटत राहिला, घाम पुसत राहिला. पोलिसांना फोन शेषरावनंच लावला.

मनकर्णा जागची हलली नव्हती. धापा टाकत ती म्हणाली, "साधने, खोटा असला तरी अजून एकदा दाव."

शेषरावच्या जीपमधून साधनानं बहिणीला हिंगोलीला दवाखान्यात नेलं. सहा दिवसांनी मनकर्णा उठून बसली. तिला सगळं समजलं आहे, इन्सुलिनही ती घेते. पण साधनाशी अजून धड बोलत नाही. मेलेला पोरगा त्या दुपारी तिला दुसऱ्यांदा गमवावा लागला.

म्हणून सांगणं एवढंच. आपल्या माणसाचा चेहरा दिसला, आवाज ऐकू आला, तरी तो कुठून येतो ते विचारा. विचारू देत नसतील तर उठून बाहेर या. आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आईचं औषध बंद करायला कुठलंच मेलेलं लेकरू परत येत नाही.