मला तहान लागली नव्हती

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या पाठीत एक अळी शिरली आहे. ती आतून कुरतडते आहे आणि तुम्हाला बोलता येत नाही. घरातला एकजण म्हणतो, "वय झालं." दुसरा म्हणतो, "नजर लागली." तुमच्या पाठीकडे मात्र कोणी बघतच नाही. राग येईल ना? मग आता माझं ऐका.

मी एक जुना रायवळ आंबा आहे. सूर्यमाळच्या एका पाड्यावर, सोम्याच्या घरासमोर उभा आहे. मला कोणी लावलं नाही. कोणीतरी आंबा चोखून कोय फेकली आणि मी उगवलो. सोम्याच्या आज्याने माझ्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं, म्हणून शेळ्यांच्या तोंडून वाचलो. पुढे मी हात आखडता घेतला नाही. कैऱ्या दिल्या, सावली दिली, झोळी बांधायला फांदी दिली.

आमच्याकडे नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं करण्याआधी शेताच्या तुकड्यावर पाला आणि शेण पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गेल्या साली सोम्याने कंटाळा केला. "पाला वाहण्यापेक्षा राख हलकी," असं म्हणून त्याने माझाच पाला माझ्याच बुंध्याशी पेटवला! माझी साल भाजली, तडकली. त्या भेगेत भुंग्याने अंडी घातली आणि अळी आत शिरली. यंदा त्या बाजूची फांदी वाळली.

मग सल्ल्यांना ऊत आला. शेजारची वेणूआत्या म्हणाली, "नजर लागली." तिने खिळा ठोकून माझ्या अंगावर लिंबू टांगलं. म्हणजे आणखी एक जखम! सोम्या म्हणाला, "म्हातारा झालाय. तोडून टाकू. फांद्या राबाला, बुंधा चुलीला."

"बा, त्याला तहान लागली असंल," सोम्याची लेक चैती म्हणाली. "मी पाणी घालते. मग नको ना तोडू?"

"घाल, घाल. आपल्याला प्यायला नाय नि आंब्याला पाहुणचार!" सोम्या हसला. "राब पेटवायच्या आत पालवला तर ठेवू."

उन्हाळ्यात आमची विहीर आटते. चैती लांबच्या झऱ्यावरून हंडा आणायची आणि आपल्या वाट्याचा तांब्या माझ्या बुंध्याशी ओतायची. तिचे स्वतःचे ओठ फुटलेले! मला संताप यायचा. तिचा नव्हे, मोठ्यांचा. सगळे माझ्याच सावलीत बसून माझ्या दुखण्यावर बोलत होते, पण एकालाही वाकून बघावंसं वाटलं नाही.

एके दिवशी चैतीने ओतलेल्या पाण्यावर बारीक भुसा तरंगला. ती खाली बसली.

"बा, करवत तर कोणी चालवली नाय. मग हा भुसा कुठला?"

तिने सालीवरून बोट फिरवलं. भाजलेल्या भेगेत एक भोक सापडलं. तिने त्याला कान लावला आणि ती ओरडलीच, "आत कोणतरी खातंय!"

सोम्या कोयता घेऊनच आला. त्याने चेष्टेने कान लावला आणि त्याचं हसू थांबलं. कोयता खाली ठेवून त्याने सायकलची तार आणली. भोकातून जाडजूड पांढरी अळी ओढून काढली. बाटलीच्या तळाशी उरलेल्या रॉकेलात कापसाचा बोळा भिजवून आत कोंबला. वर चिखल लिंपला. वाळलेली फांदी तेवढी छाटली. खिळाही उपटला.

"रोज हितंच उभा राहून तंबाखू चोळतो मी," तो पुटपुटला.

हो ना! मित्रांनो, झाड वाळू लागलं तर आधी त्याच्याजवळ जा. साल बघा, बुंध्याशी भुसा पडलाय का ते बघा. मग औषध करा. आणि आमच्या पायाशी जाळ करू नका, अंगात खिळे ठोकू नका. आम्हाला पळता येत नाही.

मी जगेन की नाही, ते पावसानंतर कळेल. पण यंदाच्या राबाचा पाला अजून माझ्या बुंध्याशीच रचलेला होता. चैतीने पाटी घेतली. भर उन्हात खेपा घालून तिने सगळा पाला शेतात नेऊन टाकला. घामाने निथळत ती परत आली, माझ्यासाठी भरून ठेवलेला तांब्या उचलला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घटाघटा स्वतःच पिऊन टाकला.