जांभळा घोस

मी एक जंतू बोलतोय. दचकू नका, हातही झटकू नका. मी या घडीला तुमच्या अंगावर नाही. एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, थंड कपाटात, बोटाएवढ्या काचेच्या नळीत बंद आहे. नळीवर चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर नंबर. शास्त्रज्ञांनी आमच्या कुळाला एक लांबलचक नाव दिलंय, पण त्याचा अर्थ इतकाच की द्राक्षाच्या घोसासारखे दिसणारे सोनेरी दाणे.

माझा जन्म कधी झाला ते मला सांगता येणार नाही. आमच्यात जन्मणं नसतं. मी वाढतो आणि मधोमध दुभंगतो. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि ते चारही मीच. त्यामुळे अवतीभोवती लाखो जण असतात, पण गप्पा मारायला एकही नसतो. आपणच आपल्याशी काय बोलणार?

आठवतं तेव्हापासून मी मोठ्या सिस्टरांच्या नाकात राहत होतो. डाव्या नाकपुडीत, अगदी दाराशी, बारीक केस असतात तिथे. जागा उबदार आणि ओलसर. दर तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकात आमच्यातलं कोणी ना कोणी असतंच, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. सिस्टरांना कधी साधी शिंकसुद्धा माझ्यामुळे आली नाही.

त्या प्रसूती विभागात होत्या. एकतीस वर्षं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न करून लांबच्या शहरात. दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. कामावरून आल्या की स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मोठ्याने म्हणायच्या, "आज काय करायचं बाई?" आणि लगेच स्वतःच उत्तर द्यायच्या, "एकटीसाठी काय करायचं!" मग उरलंसुरलं काहीतरी ओट्यापाशीच उभ्याने खायच्या.

रविवारी सकाळी मुलीचा फोन यायचा.

"आई, नाश्ता केलास का?"

"केला गं. पोटभर."

केलेला नसायचा. तोंडाच्या वर राहणाऱ्याला तेवढं समजतं. गरम खाण्याची वाफ त्या दिवशी माझ्या दारावरून गेलेली नसायची.

विभागात मात्र त्या वेगळ्याच असायच्या. नवं बाळ हातात आलं की पुसून, गुंडाळून, आईकडे देण्याआधी क्षणभर मास्क खाली करून त्याच्या टाळूचा वास घ्यायच्या. "हा वास बाटलीत भरता आला असता ना, तर मी केव्हाच नोकरी सोडली असती," असं नव्या नर्सेसना सांगायच्या. हात धुवायला त्याच शिकवायच्या. "अंगठा विसरता तुम्ही सगळ्या. बिचाऱ्या अंगठ्याला कोणी वालीच नाही." पोरी हसायच्या आणि अंगठा चोळायच्या.

पण माणसाच्या सवयी त्याला स्वतःला दिसत नाहीत. सिस्टरांचा चष्मा घसरायचा. त्या तो बोटाने वर ढकलायच्या आणि खाली येताना तेच बोट नाकाच्या टोकावरून ओझरतं फिरायचं. दिवसातून पन्नास वेळा. धुतलेल्या हातावरसुद्धा.

असाच एका सकाळी मी बोटावर आलो आणि बोटावरून एका बाळाच्या मांडीच्या घडीत गेलो. मला जायचं नव्हतं असा साळसूदपणा मी करणार नाही. मला हवं-नको काही नसतं. ऊब मिळाली की वाढायचं, एवढंच येतं. चौथ्या दिवशी तिथे पिवळ्या तोंडाच्या चार पुळ्या आल्या. मलम लावलं, बऱ्या झाल्या. आठवड्याने दुसऱ्या बाळाच्या बेंबीपाशी तसंच झालं. त्या पुळीतला पू कापसाच्या काडीवर घेऊन तपासायला पाठवला गेला, पण त्याचा अहवाल येईपर्यंत बाळ घरी गेलं होतं. उकाड्याने येतात अशा पुळ्या, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

तिसरी एक मुलगी होती. तिची आई कपडे शिवायची. दोनदा दिवस राहून वाया गेल्यानंतरची ही पोर. पोट फाडून झालेली, त्यामुळे मायलेकी अजून दवाखान्यातच होत्या. सातव्या दिवशी दुपारी आईने सिस्टरांना हाक मारली.

"सिस्टर, जरा बघता का? लंगोट बदलताना ही डावा पाय झाडते. उजवा हलवतच नाही."

"झोपेत असेल."

"नाही हो. आणि दोन्ही मांड्या सारख्या नाहीत. माझा हात मापाचा आहे, मला कळतं."

सिस्टरांनी मांडीच्या सांध्यापाशी हात ठेवला. तिथे चटका बसावा इतकं गरम होतं. पोर कळवळून ओरडली. सिस्टर तशाच बालरोगाच्या डॉक्टर मॅडमना आणायला धावल्या. एकतीस वर्षांत त्यांना विभागात धावताना कोणी पाहिलं नव्हतं.

सांध्यात सुई घातली आणि पू निघाला. त्या पुवात मी होतो.

तो पू प्रयोगशाळेत ताईंकडे आला. ताई म्हणजे तिथल्या जुन्या तंत्रज्ञ. काचपट्टीवर थेंब पसरून त्यांनी तो आचेवर वाळवला, म्हणजे काचेवरचा मी मेलो. मग आधी जांभळा रंग ओतला, त्यावर आयोडीन, मग स्पिरिटने धुतलं आणि शेवटी लाल रंग दिला. ज्या जंतूंची भिंत पातळ असते, त्यांचा जांभळा रंग स्पिरिटने वाहून जातो आणि ते लाल दिसतात. आमची भिंत जाड. आम्ही जांभळा सोडत नाही.

या जांभळ्या कुळाबद्दल सांगण्यासारखं चांगलं थोडंच आहे. माळेसारखे राहणारे आमचे भाऊबंद मुलांचा घसा धरतात, आणि घसा बरा झाला असं वाटत असताना काही मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब होऊन बसतात. जोडीने राहणारे फुप्फुसात शिरतात. एकजण मातीत वर्षानुवर्षं निजून राहतो आणि जखमेतून आत गेला की माणसाचा जबडा मिटवून टाकतो. एक घशात करडा पडदा धरून लेकरांचा श्वास कोंडायचा. लसीमुळे तो आता क्वचितच दिसतो. दह्यातले जंतूही लांबच्या नात्यातले आहेत म्हणा, पण ते आमची ओळख सांगत नाहीत.

ताईंनी भिंगाला डोळा लावला आणि फोन उचलला.

"मॅडम, सांध्याच्या पुवात घोस दिसतायत. जांभळे. हो, अगदी खच आहे."

तासाभरात पोरीला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं. सांधा उघडून धुतला. पुढे कित्येक आठवडे तिच्या इवल्याशा शिरेत औषध चालू राहिलं. जीव वाचला. "पण हाडाच्या डोक्याला धक्का बसलाय," मॅडम आईला म्हणाल्या. "पाय थोडा आखूड राहील कदाचित. वाढेल तसं कळेल."

ताईंना स्वस्थ बसवेना. दुसऱ्या बाळाच्या पुळीतला मी त्यांच्याकडे अजून होतो. कोणत्या औषधाला दाद देतो, कोणत्याला देत नाही, हे त्यांनी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं. म्हणजे दोन्हीकडे एकच जंतू, एकाच ठिकाणाहून आलेला. मग विभागातल्या सगळ्यांची नाकं तपासायची ठरली. तेवीस माणसं. यादी मोठ्या सिस्टरांनीच केली आणि पहिलं नाव स्वतःचं घातलं.

"माझं आधी घ्या, म्हणजे बाकीच्या कुरकुर करणार नाहीत," असं म्हणून त्यांनी मान मागे टाकली. ताईंनी काडी नाकपुडीत फिरवली. माझा एक हिस्सा तेव्हा घराबाहेर पडला.

तीन दिवसांनी मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं.

"सिस्टर, बसा."

"उभीच बरी. कोणाचं निघालं?"

मॅडमनी कागद पुढे सरकवला. सिस्टरांनी चष्मा वर ढकलला, आणि ते बोट नाकाशी पोचलं तसं तिथेच थांबलं. हात हळूहळू खाली आला.

"माझं?"

"यात तुमचा दोष नाही. आणखी दोघींच्या नाकातही या कुळातले जंतू सापडले, फक्त ते हे नव्हेत. आपण मलम देऊ, पाच दिवसांत साफ होईल."

"तीस वर्षं मी पोरींना हात धुवायला शिकवतेय, मॅडम."

मॅडमनी कागद परत ओढून पालथा ठेवला.

"तिच्या आईला कोण सांगणार?"

"विभागातून संसर्ग झाला एवढं मी सांगेन. कोणाकडून, ते सांगायलाच हवं असं नाही."

"नाही. मी सांगते."

आई खाटेवर बसून झबल्याचे बंद लावत होती. पोरीच्या पायाला पट्ट्या होत्या, म्हणून एका बाजूने उघडं राहील असं झबलं तिने मुद्दाम शिवलं होतं. सिस्टर खाटेपासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. तोंडावर मास्क घट्ट बांधलेला होता.

"बाळा, हिचं दुखणं माझ्याकडून आलं."

आईला आधी समजलंच नाही. सिस्टरांनी पुन्हा सांगितलं. जंतू माझ्या नाकात होता, मला माहीत नव्हतं, पण माझ्याच हाताने गेला.

आईची सुई थांबली. "ही झाली तेव्हा सगळ्यात आधी तुम्हीच घेतलंत ना हिला?"

"हो."

"मी टेबलावर पडल्या पडल्या बघत होते. मला तुमचा हेवा वाटला होता." सुई झबल्यात टोचून ठेवत ती म्हणाली, "तुम्ही जा आता. मला तुमच्याशी आत्ता बोलता येणार नाही."

सिस्टर गेल्या.

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मलम. औषधी साबणाने अंघोळ, डोक्यावरून पाणी. चादरी उकळल्या, टॉवेल उकळले. मी रोज विरत गेलो. चौथा दिवस रविवार होता. फोन वाजला.

"आई, आवाज असा का येतोय?"

"सर्दी आहे थोडी. बाकी काही विशेष नाही गं."

त्या घरातला तो मी ऐकलेला शेवटचा आवाज. पुढचं सगळं मला ताईंच्या बोलण्यातून कळलं, कारण आता मी फक्त त्यांच्या नळीत उरलो होतो.

सिस्टरांचं नाक साफ झालं. कामावर यायला हरकत नव्हती. विभागात कोणी वाकडा शब्द बोललं नाही. पण त्या चहाला आल्या की बाकीच्यांना नेमकं काम आठवायचं. त्यांनी घडी केलेली दुपटी नव्या पोरी हळूच पुन्हा धुवायला टाकायच्या. महिनाभर त्यांनी पाहिलं आणि मग अर्ज केला. त्यांना औजारं निर्जंतुक करतात त्या खोलीत पाठवलं. तिथे वाफ, स्टीलचे डबे आणि भिंतीवरचं घड्याळ. बाळ नाही, माणूसही नाही. ताई तेवढ्या अधूनमधून स्वतःचा चहा घेऊन तिकडे जायच्या.

दीड वर्षाने एकदा सिस्टर प्रयोगशाळेत आल्या. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी येणार म्हणून ताई माझी काचपट्टी रंगवत होत्या.

"ताई, तो अजून आहे का हो?"

"कोण?"

"माझा."

ताईंनी स्टूल पुढे ओढलं. सिस्टरांनी चष्मा काढून भिंगाला डोळा लावला आणि कितीतरी वेळ तशाच बसल्या. काचेवरचा मी मेलेलाच होतो, तरी मी त्यांच्याकडे बघत होतो असं म्हणा हवं तर.

"द्राक्षंच की हो," त्या म्हणाल्या. "मी काय काय डोळ्यांपुढे आणत होते. हे तर दिसायला चांगलं आहे."

मग भिंगावरून डोळा न काढताच त्यांनी सांगितलं, "ती पोर आली होती परवा. पाय दाखवायला. एका बुटाला जाड तळ लावलाय. आईने मला व्हरांड्यात पाहिलं. मी वळणार होते, पण तिने पोरीला खाली ठेवलं आणि म्हणाली, मावशींना चालून दाखव."

"मग?"

"चालली. जरा झोकांडत, पण आली पाच-सहा पावलं. माझ्या साडीला धरून उभी राहिली. आई म्हणाली, घ्या ना."

"घेतलंत?"

सिस्टरांनी नकारार्थी मान हलवली. "मी हात मागे बांधून उभी होते."

"सिस्टर, चार वेळा तपासलंय तुमचं नाक. कोरं आहे."

"माहीत आहे हो. डोक्याला समजतं. पण हात पुढे होत नाहीत." त्यांनी चष्मा चढवला. "आई म्हणाली, सहा महिन्यांनी परत येणार आहोत."

ताईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पानं उलटली आणि सहा महिन्यांपुढच्या पानावर खूण केली. "त्या दिवशी मी तुमच्याबरोबर व्हरांड्यात उभी राहीन," त्या म्हणाल्या. "धक्का मारायला."

सिस्टर हसल्या की नाही ते मला दिसलं नाही. माझी नळी तोवर कपाटात गेली होती.

तो दिवस अजून यायचा आहे. इथे थंडी इतकी की मी दुभंगतही नाही. वर्षातून एक-दोनदा विद्यार्थी येतात, माझा घोस बघतात, वहीत जांभळ्या पेन्सिलीने गोळे काढतात आणि निघून जातात. सिस्टरांच्या नाकात मी परत जाऊ नये हेच बरं, एवढं मलाही समजतं. तरी ती ऊब आठवते.

वाचकहो, मी दयेला पात्र नाही आणि ती मागतही नाही. हात धुवा, औषध दिलं तर पूर्ण घ्या, मी जिथे सापडेन तिथून मला घालवून द्या. पण ज्याच्या अंगावर मी सापडेन, त्याने मला बोलावलेलं नसतं. त्याच्या शेजारची खुर्ची तेवढी रिकामी ठेवू नका.